दुसऱ्या ट्रेतलं पाणी

३ फेब्रुवारी, सोमवार

आज भर बैठकीत माझ्या हातांवर खापर फुटलं. उद्या राग निवेल आणि मी उगाच समजूतदार होईन, म्हणून आजच लिहून ठेवते.

एकोणीस वर्षं मी या प्रयोगशाळेत जवाची रोपं वाढवते. बी भिजवायचं, ट्रेत पेरायचं, वाढखोलीत ठेवायचं, सातव्या दिवशी औषध द्यायचं. औषध म्हणजे जिबरेलिन, रोपांच्या अंगात असतंच ते वाढीचं हार्मोन. पहिल्या ट्रेला द्यायचं, दुसऱ्याला नाही, आणि दोघांत काय फरक पडला ते बघायचं. मला सगळे ट्रेबाई म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही. नर्सला नर्सच म्हणतात.

सरांचं नाव झालं ते एका जनुकामुळे. हार्मोन दिल्यावर ते चाळीस मिनिटांत जागं होतं, असं त्यांनी नऊ वर्षांपूर्वी छापलं. त्यावर प्रयोगशाळा वाढली, यंत्रं आली, आठ जण डॉक्टर झाले. आता दुसऱ्या एका संस्थेनं पत्र पाठवलंय की तुमच्या पद्धतीनं तीनदा केलं, दोन ट्रेंतल्या जनुकात काडीचाही फरक दिसला नाही.

सर पत्र वाचून दाखवून म्हणाले, "पद्धतीत काही खोट नाही. ट्रे भरताना कुठेतरी हाताची चूक होत असणार."

ट्रे मी भरते. दुसरं कुणी भरत नाही.

मी उभी राहिले. "माझे हात इथेच आहेत, सर. तपासून घ्या." सगळे आपापल्या वहीत काहीतरी शोधायला लागले. शेवटी तीन जणांची चौकशी समिती नेमायचं ठरलं. २४ तारखेला. चूक ठरली तर मला वाढखोलीतून काढून काचसामान धुवायला पाठवणार.

बसून राहायला हवं होतं का? ताई म्हणते हो. ताई चाळीस वर्षं नर्स होती, डॉक्टरांसमोर कधी बसायचं आणि कधी उठायचं हे तिला माहीत असणार. पण ती माझ्या जागी नव्हती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस स्वतःचीच झडती घेतली. पिपेटनं शंभर वेळा पाणी उचलून काट्यावर तोललं. दोनदा चुकलं, तेही दुसऱ्या दशांशात. वाढखोलीचे चारही थर्मामीटर एकमेकांशी ताडून पाहिले. बुटक्या जवाचं बी नवं-जुनं वेगळं काढलं. हार्मोनची पावडर तारखेतली आहे. साप साप म्हणून भुई धोपटतेय असं वाटलं, पण भुई तर भुई, नीट धोपटली.

चिमटी मदतीला होती. ही सरांची विद्यार्थिनी. अंगानं काडी, आणि केसांत कायम प्रयोगाचा चिमटा खोचलेला. जूनमध्ये तिचा प्रबंध जायचाय, तोही याच जनुकावर. तिला म्हटलं, "मला एकदा सरळ सांग, ते हार्मोन आत जाऊन करतं काय? एकोणीस वर्षं नुसतीच पाजतेय."

"बाई, वाढीची जनुकं रोपात असतातच. पण एक प्रथिन त्यांच्यावर हात ठेवून बसलेलं असतं. जिबरेलिन आलं की ते प्रथिन मोडीत निघतं. हात उठला की जनुकं कामाला लागतात."

"म्हणजे ते रोपाला ढकलत नाही. अडवणाऱ्याला हाकलतं."

"अगदी."

"मग असंच लिही की."

"असं लिहिलं तर डिग्री देत नाहीत, बाई."

९ फेब्रुवारी, रविवार

ताई भाजी निवडता निवडता तिच्या वॉर्डातल्या गोष्टी सांगत होती. नव्या औषधाची परीक्षा घेताना अर्ध्या रोग्यांना खरी गोळी, अर्ध्यांना साखरेची. "पण साखरेच्या गोळीलाही तोच रंग, तेच वेष्टण, तोच कडू लेप. नाहीतर रोगी बरा झाला तो औषधानं की रंगानं, कसं कळणार?"

मी म्हटलं, "आमच्याकडेही तसंच. एका ट्रेला हार्मोन, दुसऱ्याला नुसतं पाणी."

"हार्मोन पाण्यात विरघळतं?"

"कुठलं? आधी अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, मग पाण्यात घालायचं."

ताईच्या हातातली जुडी तशीच राहिली. "आणि त्या दुसऱ्या ट्रेला अल्कोहोल?"

"त्याला कशाला? त्याला हार्मोनच द्यायचं नाही."

"अगं," ताई म्हणाली आणि जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "उद्या त्या पोरीला विचार."

१० फेब्रुवारी, सोमवार

विचारलं. चिमटीनं सरांचा नऊ वर्षांपूर्वीचा लेख काढला. माझं इंग्रजी कच्चं, म्हणून तिनं मराठीत सांगितलं, "दोन्ही ट्रेंत समान अल्कोहोल. फरक फक्त हार्मोनचा."

"छे, दुसऱ्यात नुसतं पाणी असतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. मला तसंच सांगितलंय."

तिनं चिमटा केसांतून काढला आणि परत खोचला. मग म्हणाली, "परवा सात दिवसांची होणारी रोपं आहेत ना? तीन ट्रे करू. एकाला पाणी, एकाला नुसतं अल्कोहोल आणि पाणी, एकाला हार्मोनसकट सगळं."

बघा. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिसरा ट्रे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तिन्ही ट्रे भरले. नाकाला रुमाल बांधला होता. अल्कोहोल हाताळताना मी नेहमी बांधते. मला तो वास आवडत नाही, एवढंच. ताईसुद्धा तिची स्पिरिटची बाटली घरात ठेवत नाही, गॅलरीतल्या कपाटात ठेवते.

चाळीस मिनिटं घड्याळावर मोजली. प्रत्येक ट्रेतली निम्मी रोपं कापून गोठवली. चिमटी ती कुटून जनुकं मोजायच्या यंत्रात घालणार. उरलेली उंची मोजायला तशीच ठेवली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं.

नुसत्या अल्कोहोलच्या ट्रेतसुद्धा जनुक जागं झालंय. हार्मोनच्या ट्रेत जेवढं, तेवढंच. पाण्याच्या ट्रेत गाढ झोपलेलं. चिमटीनं यंत्र दोनदा चालवलं, मग खाली फरशीवर बसली. "बाई, हे अल्कोहोल पचवणारं जनुक आहे. रोपाला अल्कोहोल बाधलं की ते जागं होणारच. हार्मोनशी त्याचा काही संबंध नाही."

म्हणजे त्या दुसऱ्या संस्थेनं लेखात लिहिल्याप्रमाणे दोन्ही ट्रेंत अल्कोहोल घातलं आणि त्यांना फरक दिसला नाही. बरोबरच आहे. म्हणजे खोट आमच्या पद्धतीत होती, माझ्या हातांत नव्हती. मी तर सांगितलं तेच केलं.

चिमटी आकडे घेऊन सरांकडे गेली. मी घरी येईपर्यंत गुणगुणत होते.

ताईनं विचारलं, "आणि त्या पोरीचं काय?"

"तिचं काय? खरं सापडलं. तिलाही आनंदच झाला असणार."

ताईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी थर्मामीटर उलटा धरलाय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी उंची मोजली. हार्मोनची रोपं सरासरी एकवीस सेंटिमीटर. नुसत्या अल्कोहोलची तेरा. पाण्याची तेरा. म्हणजे हार्मोन आपलं काम चोख करतं, बुटक्या जवालाही उंच करतं. खोटं फक्त ते चाळीस मिनिटांचं जनुक. एवढं तरी बरं, एकोणीस वर्षं मी पाणीच पाजत नव्हते.

दुपारी स्टोअरमध्ये गेले. माझ्या डोक्यात सरळ हिशेब होता. अल्कोहोल कुलपात असतं, दर वेळी रजिस्टरमध्ये सही करूनच मिळतं. सुरुवातीला मी किती नेत होते आणि नंतर कुणाच्या हुकमानं ते कमी झालं, हे तिथे असणार. तो हुकूम समितीपुढे ठेवला की माझं काम झालं.

स्टोअरच्या नव्या माणसानं जुनी रजिस्टरं काढून दिली. "धूळ तुमची, जागा माझी," म्हणाला.

पहिली नऊ वर्षं दर आठवड्याला दोनशे मिली. खाली माझी सही. मग दहा वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये एकदम शंभर. आणि तेव्हापासून आजपर्यंत शंभरच. हुकूम नाही. सरांची सही नाही. शेऱ्याच्या रकान्यात चार शब्द: "मागणी कमी केली. ट्रेबाई."

अक्षर माझं आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लिहिण्यासारखं काही नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आहे लिहिण्यासारखं.

तेव्हा स्टोअरमध्ये एक जाडगेले गृहस्थ होते, आता निवृत्त झालेत. खिडकीशी पाचसहा जण रांगेत. मी दोनशे मिलीची चिठ्ठी पुढे केली. ते मोठ्यानं म्हणाले, "दर आठवड्याला दोनशे? हे जव पितो, की जवाच्या घरचं कुणी?" खिडकी हसली. एकाला तर ठसका लागला. त्या दिवशी सकाळीच आमच्या घरी नवरा जिन्यात पडला होता आणि शेजारच्या दोघांनी त्याला उचलून आत आणलं होतं, पण त्याचा इथे काही संबंध नाही. तो जाऊनही आता आठ वर्षं झाली.

पुढच्या आठवड्यात मी शंभरची चिठ्ठी दिली. कुणी हसलं नाही. शंभर पहिल्या ट्रेपुरतं होतं. दुसऱ्या ट्रेला पाणी घातलं. रोपं हिरवीच दिसली. त्यांना कुठे अल्कोहोल हवंय, असं मनात आलं, आणि बरंही वाटलं. दोन-तीन आठवड्यांनी तीच पद्धत झाली आणि मग ती पहिल्यापासूनची झाली.

म्हणजे सर बरोबर होते. हाताची चूक.

मी बैठकीत हात पुढे करून म्हटलं होतं, तपासून घ्या. ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण." जिन्याचं मी तिला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. पण जेवताना मला आधी वाढलं, जे ती कधी करत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सर वाढखोलीत आले. चार वर्षांत पहिल्यांदा. कुठे उभं राहायचं ते त्यांना कळेना, दोन रॅकच्या मधे अंग चोरून उभे राहिले.

"बाई, मी समितीशी बोललोय. गेल्या वर्षी त्या संस्थेला आपण दिलेला बियाण्याचा लॉट खराब होता, असं लिहू. तुमचं नाव कुठेही येणार नाही."

"लॉट चांगला आहे, सर. शंभरात सत्त्याण्णव बिया उगवतात."

"तुम्ही मला समजून घेत नाही. मी तुम्हाला सोडवतोय."

मला भरून आलं. आपल्यावर रागावलेला माणूस आपल्यासाठी एवढं करतो. मी म्हटलं, "पण सर, चूक माझीच आहे. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये लिहिलेली आहे." आणि सगळं सांगितलं. चिठ्ठीचं. शंभर मिलीचं.

सरांनी एका रोपाचं पान बोटांत धरून पाहिलं. मग म्हणाले, "मग तर गप्प बसणं तुमच्याच हिताचं. कुणाला सांगितलंत?"

"चिमटीला सांगणार आहे."

"नका सांगू. सुंठीवाचून खोकला जातोय तर जाऊ द्या."

ताईला म्हटलं, सर मनानं फार मोठे आहेत. ताई म्हणाली, "तुला सोडवतायत, की त्या चाळीस मिनिटांना?"

मी तिच्याशी वाद घातला. आता लिहिताना वाटतंय, लॉट खराब होता असं छापलं तर तो लेख जिथल्या तिथे राहील. पुढेही कुणीतरी चिमटीसारखं त्यावर पाच वर्षं घालवेल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

चिमटीला सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. तिनं शांतपणे विचारलं, "दहा वर्षं?"

"दहा वर्षं."

"म्हणजे माझी पाचही."

"हो."

तिनं खिडकी उघडली, बंद केली. "बाई, तुम्ही सोमवारी गप्प बसलात तर मला जूनमध्ये डिग्री मिळते."

"आणि बोलले तर?"

"दोन वर्षं. कदाचित अडीच."

मी म्हटलं, "तू सांगशील तसं करते." खरंच केलं असतं का कोण जाणे. माझी निवृत्ती सहा वर्षांवर आली आहे. काच धुवायच्या खोलीत दिवसभर पाय ओले असतात. मलाही कुणीतरी गप्प बस म्हणायला हवं होतं.

ती म्हणाली, "माझा राग आहे तुमच्यावर. बराच दिवस राहील. पण लॉट खराब होता असं मला माझ्या हातानं लिहायला लावू नका."

झालं तर मग.

२४ फेब्रुवारी, सोमवार

समितीत तिघे. अध्यक्ष मातीच्या विभागातल्या बाई, केस कापलेल्या, आवाज बारीक. सर एका बाजूला. मला खुर्ची दिली, मी बसले. ताईचं एवढं ऐकलं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "बियाण्याच्या लॉटबद्दल सरांचं टिपण आमच्याकडे आलंय. तुम्हाला काही जोडायचंय?"

"खोडायचंय."

रजिस्टर टेबलावर ठेवलं. तीन ट्रेंचे आकडे चिमटीनं कागदावर काढून दिले होते, तेही ठेवले. काय झालं ते तारखेनिशी सांगितलं. स्टोअरच्या खिडकीतलं वाक्यही सांगितलं. जिन्याचं सांगितलं नाही.

अध्यक्षबाईंनी रजिस्टरची पानं दोनदा उलटली. "तुम्हाला कळतंय ना, याचा अर्थ चूक तुमची आहे?"

"हो. पाणी मी घातलं."

"मग हे आम्हाला सांगायची घाई का? टिपणात तुमचं नाव नव्हतं."

मी घरून काही ठरवून गेले नव्हते. तोंडातून आलं ते असं: "बाई, पाणी मी घातलं, पण त्यावर लेख मी लिहिला नाही. दहा वर्षं मी तो ट्रे उघड्यावर भरला. आठ जण त्यावर डॉक्टर झाले. एकानंही कधी विचारलं नाही, ट्रेबाई, दुसऱ्या ट्रेत काय आहे? विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मला काही लपवायचं नव्हतं, मला फक्त त्या खिडकीशी पुन्हा उभं राहायचं नव्हतं."

सर म्हणाले, "प्रत्येक थेंब मी बघायला जाऊ का?"

"एक ट्रे, सर. वर्षातून एकदा."

तिसरे सदस्य, जे आतापर्यंत झोपलेत असं मला वाटत होतं, ते खोकल्यासारखं हसले.



३ मार्च, सोमवार

निकाल आला. एक तारखेपासून माझी बदली काचसामान विभागात. आज पहिला दिवस. सर लेख मागे घेणार. चिमटी नवा प्रबंध लिहिणार, हार्मोन दिल्यावर उंची वाढण्याआधी कोणती जनुकं खरोखर जागी होतात यावर. वाढखोलीची किल्ली तिच्याकडे. सकाळी काच धुवायच्या खोलीत येऊन तिनं अवघडल्यासारखं विचारलं, बी किती तास भिजवायचं. पाच वर्षं माझ्या शेजारी उभी होती, आणि हे माहीत नाही. सांगितलं. लिहूनही घ्यायला लावलं.

अकराच्या सुमाराला शिपायानं एक कागद आणला. लेख मागे घेण्याच्या पत्राबरोबर जोडायचं माझं निवेदन, टाइप केलेलं, खाली सहीला जागा. "तंत्रसाहाय्यकाच्या चुकीमुळे दुसऱ्या ट्रेत अल्कोहोल घातले गेले नाही." पूर्णविराम.

मी ओल्या हातानं पेन घेतलं आणि पूर्णविरामापुढे लिहिलं, "आणि ते दहा वर्षे कुणी तपासले नाही." सही केली नाही. कागद परत पाठवला.

शिपाई म्हणाला, "बाई, आता तरी पुरे करा की."

"तू ने तर खरं."

जेवणानंतर नवा टाइप केलेला कागद आला. "तसेच तपासणी अपुरी पडली." चांगलं वाक्य आहे. त्यात माणूसच नाही. माझ्या चुकीला तंत्रसाहाय्यक आहे आणि तपासणी मात्र पावसासारखी आपली आपणच अपुरी पडली. मी समासात लिहिलं, "कुणाची?" आणि परत पाठवला.

मग बराच वेळ कुणी आलं नाही. मी तीन टब फ्लास्क धुतले. मनात आलं, आता नोकरीच जाणार. ताईला काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं.

पावणेपाचला शिपाई कागद घेऊन आला. कागद तोच होता, नवा टाइप केलेला नव्हता. माझ्या "कुणाची?" शेजारी सरांनी स्वतःच्या पेनानं लिहिलं होतं, "माझी." खाली त्यांची सही, तारखेसकट.

अक्षर फार वाईट आहे त्यांचं, पण वाचता येतं. मी हात पुसले आणि त्याखाली सही केली.